थकवणारा कोण?

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला, राग नसावा. ड्युटीला ड्युटी जोडून येते, घरी पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून गेलेली असते. जेवण कधी होतं, कधी राहतं. झोप लागत नाही, पण पडून विश्रांती होते. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं राहिलं आणि दोन रोपं गेली.

हॉस्पिटलात मनःस्वास्थ्य सप्ताह झाला. सगळ्या सिस्टरांना दीर्घ श्वास शिकवण्यात आला. ‘श्वास आत’ म्हणेपर्यंत वॉर्डातून हाक यायची, त्यामुळे बहुतेकींचा श्वास आतच राहिला. हसू आलं.

सध्या थोडी सुट्टी मिळाली आहे. एकूण बरं चाललं आहे. थोडा थकवा येतो, तेवढंच. तुझ्या कानाचं कसं आहे?

भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

फोन केला असता; पण फोनवर मला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे मी आपल्या मनाने भरते. कागद मात्र माझ्याशी कधी पुटपुटत नाही.

तुझे पत्र वाचून झाल्यावर मला काहीतरी खुपत राहिले. शुद्धलेखन ठीक होते, विरामचिन्हे जागच्या जागी होती, तरी खुपत होते. शेवटी शाळेतल्या जुन्या सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन बसले आणि वाक्ये सोडवायला लागले. कर्ता शोधायची रीत तुला मी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता शिकवली होती: क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ किंवा ‘काय’ असे विचारायचे. ही रीत इतकी साधी आहे की मुले तिला हसतात, आणि इतकी पक्की आहे की तिच्यापुढे कोणालाही लपता येत नाही.

‘उशीर झाला.’ होणारा काय? उशीर. ‘जेवण राहतं.’ राहणारे काय? जेवण. ‘झोप लागत नाही.’ न लागणारी काय? झोप. ‘हसू आलं.’ येणारे काय? हसू. बाई, तुझ्या पत्रात उशीर आहे, ड्युटी आहे, जेवण आहे, मेलेली दोन रोपे आहेत. सगळे कर्ते होऊन ऐटीत बसले आहेत. अख्ख्या पत्रात तू तेवढी नाहीस. एकही ‘मी’ नाही. लहानपणी तुझ्या पत्रात ‘मी’शिवाय दुसरे काही नसे: मी झाडावर चढले, मी पडले, मी रडले नाही.

‘सुट्टी मिळाली आहे’ असे लिहितेस. देणारा कोण? आणि मुळात मागणारी कोण होती?

पुढचे पत्र ‘मी’ने सुरू कर. त्यातून काय निघायचे ते निघू दे.

तुझी आत्या

१८ फेब्रुवारी

आत्या,

मी सुट्टी मागितली नव्हती. देणारे आमचे प्रशासक. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी घरी बसायचं आहे.

झालं ते सांगते. अतिदक्षता विभागात एक आजोबा होते, त्यांचं रक्तदाब टिकवायचं औषध पंपाने चालू होतं. हा पंप तासाला किती औषध जायचं ते आकड्यात विचारतो. मला अडीच टाकायचे होते. दशांश चिन्ह दाबलं गेलं नाही आणि पंचवीस पडले. आजोबांचं बीपी सरसर वर गेलं. मीच पाहिलं, मीच पंप थांबवला, डॉक्टरांना हाक मारली. आजोबा सावरले. आता साध्या वॉर्डात आहेत आणि जेवणाला चव नाही म्हणून भांडतात, म्हणजे पूर्ण बरे आहेत. पण ती काही मिनिटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

त्या दिवशी मी डबल ड्युटीवर होते. आदल्या दिवशीही. माझ्या जोडीची सिस्टर आजारी होती, तिच्या जागी कोणी नव्हतं, म्हणून तिचे पेशंटही माझ्याकडे होते. अशी वेळ पहिल्यांदा आली असंही नाही. गेले कित्येक महिने मी पेशंटच्या खाटेजवळ जाते आणि इथे कशाला आले ते आठवत नाही. घरी वाटीचमच्याचा आवाज झाला तरी मला अलार्म वाजला असं वाटतं. परवा शेजारीण रडत होती आणि मला काहीच वाटलं नाही. याची मला चुकीपेक्षा जास्त भीती वाटते.

प्रशासकांनी मला एक निवेदन तयार करून दिलं आहे, मी फक्त सही करायची: ‘वैयक्तिक मानसिक ताणामुळे माझ्याकडून चूक झाली.’ सही केली तर लवकर कामावर घेतील, पण माझ्या सेवापुस्तकात तसा शेरा बसेल, आणि तो शेरा असलेल्या बाईला अतिदक्षता विभागात कोणी उभं करत नाही. आत्या, मला दुसरं काम येत नाही असं नाही. मला हेच येतं, चांगलं येतं, आणि हेच हवं आहे.

काय करू?

भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

सही करू नकोस.

त्या निवेदनाकडे नीट बघ. ‘माझ्याकडून चूक झाली.’ होणारी कोण? चूक. म्हणजे चूक कर्त्याच्या खुर्चीवर बसली आहे आणि तू ‘माझ्याकडून’ होऊन दाराशी चपलांजवळ उभी आहेस. हे वाक्य नम्र दिसते, पण भित्रे आहे. जो माणूस केलेली गोष्ट ‘मी केली’ म्हणतो त्याला कोणी हलवू शकत नाही. पंप थांबवणारीही तूच. दोन्ही क्रियांची मालकी घे.

आता त्या वाक्याचा पुढचा भाग: ‘वैयक्तिक मानसिक ताणामुळे’. हा भाग केवळ कारण सांगतो. तो उचलला तरी वाक्य उभे राहते. मी मुलांना नेहमी सांगत असे की वाक्य सडसडीत हवे, त्याच्या अंगावर झूल नको. शिवाय कारण द्यायला गेले की ऐकणाऱ्याला सबब ऐकू येते. तो सगळा भाग काढून टाक आणि स्वच्छ लिही: ‘मी पंपाचा दर चुकीचा टाकला. मीच तो ओळखला आणि पंप थांबवला.’ संपले. इतके निखळ वाक्य समोर आले की ‘वैयक्तिक’ आणि ‘मानसिक’ हे शब्द चिकटवायला त्यांना जागाच राहणार नाही.

बाकी तुझे पत्र वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसून होते. शेजारीण रडत असताना तुला काही वाटले नाही, असे लिहितेस. पण वाटले नाही याची तुला भीती वाटली. ज्याचे आतले सगळे विझले आहे त्याला अशी भीती वाटत नाही.

ताठ मानेने जा.

तुझी आत्या

१ मार्च

आत्या,

तुझं वाक्य त्यांना फार आवडलं.

तू सांगितलंस तसं मी लिहून दिलं. प्रशासकांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘इतकं प्रामाणिक निवेदन माझ्या टेबलावर आजवर आलं नव्हतं. नाहीतर लोक शंभर कारणं सांगतात.’ मग त्यांनी खाली लिहिलं: ‘कर्मचाऱ्याने चूक मान्य केली. अन्य कारण आढळून येत नाही.’ चौकशीची शेवटची बैठक पंधरा तारखेला आहे. तिथे हे कायम झालं की मला अतिदक्षता विभागातून कायमचं काढणार आणि मानसिक सक्षमतेच्या वर्गाला बसवणार. त्या वर्गात काय शिकवतात ठाऊक आहे? दीर्घ श्वास.

तुझ्या सडसडीत वाक्यात माझ्या जोडीदारणीचे पेशंट मावले नाहीत. डबल ड्युटी मावली नाही. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते ते मावलं नाही. सडसडीत म्हणजे कधीकधी उपाशी असतं, आत्या. तू झूल म्हणून उतरवलीस ती माझी कातडी होती.

मला समुपदेशक बाईंकडेही पाठवतात. माझी कल्पना होती की त्याही श्वास मोजायला लावतील. त्यांनी विचारलं, ‘काय होतं तुम्हाला?’ मी म्हणाले, ‘थकवा येतो.’ त्या म्हणाल्या, ‘कुठून येतो?’ जणू पाहुणा आहे आणि त्या त्याचं गाव विचारताहेत. निघताना त्या म्हणाल्या, ‘तुमचं मन बिघडलेलं नाही. इतक्या ओझ्याखाली ते कुरकुरलं नसतं तर मला काळजी वाटली असती.’

पहिल्यांदाच कोणीतरी असं बोललं, आणि मी त्यांच्यासमोर रडले. पण त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. तुझ्या व्याकरणात याचं काही उत्तर आहे का, की ते फक्त मला पकडण्यापुरतंच आहे?

भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरी,

मी चुकले. चुकणारी कोण? मी. मी वाक्याचा देखणेपणा पाहिला आणि त्या वाक्यातून कोणाला बाहेर काढते आहे हे पाहिले नाही. तुझा राग अगदी योग्य पत्त्यावर आला आहे.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर देते. ते व्याकरणात आहे, आणि काल ते सापडले तेव्हा मी गॅसवरचे दूध विसरले.

‘थकणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. थकणाऱ्याने आपले एकट्याने थकावे, त्यात दुसऱ्या कोणाची गरज नाही. ‘मी थकले’ म्हटले की वाक्य पूर्ण होते. कोणी काही विचारत नाही, फार तर विश्रांती घे म्हणते. ‘थकवा आला’ हे तर त्याहून सोयीचे: त्यात थकवा स्वतःच्या पायांनी चालत येतो. पण मराठीने एक सोय करून ठेवली आहे. धातूला नुसता ‘व’ जोडून बघ. हसणे, हसवणे. रडणे, रडवणे. बसणे, बसवणे. थकणे, थकवणे. आम्ही याला प्रयोजक क्रियापद म्हणतो, नाव जड आहे पण गोष्ट हलकी आहे: मूल एकटे हसू शकते, पण त्याला हसवायला दुसरे कोणीतरी लागतेच. एवढासा ‘व’ आत शिरला की दुसऱ्या माणसाला वाक्यात यावेच लागते. तो आला नाही तर वाक्य लंगडते. ‘मला थकवले’ एवढेच म्हणून बघ. ऐकणारा आपोआप विचारेल, कोणी?

तेव्हा रीत तीच, प्रश्न नवा. थकवणारा कोण? उत्तराला ‘ने’ किंवा ‘नी’ लाव आणि कागदावर ठेव. मात्र ‘परिस्थितीने’ असे लिहिलेस तर मी पत्र परत पाठवीन. परिस्थिती ड्युट्या लावत नाही आणि हजेरीपटावर सहीही करत नाही.

आणखी एक सांगते. तुझे ‘मी पंपाचा दर चुकीचा टाकला’ हे पहिले वाक्य काढू नकोस. ते खरे आहे, आणि ते काढलेस तर दुसऱ्याला वजन राहणार नाही. त्याच्या शेजारी दुसरे ठेव.

तुझी आत्या

१६ मार्च

आत्या,

काल बैठक झाली. टेबलाच्या त्या बाजूला प्रशासक आणि आमच्या मेट्रन, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून, या बाजूला मी.

मेट्रनबद्दल तुला कधी सांगितलं नाही. ड्युट्या त्याच लावतात. कडक आहेत. उभ्या उभ्या जेवतात आणि आम्हालाही बसू देत नाहीत. मी रात्रभर विचार केला आणि तरी लिहिलं. मी वाचून दाखवलं: ‘मी पंपाचा दर चुकीचा टाकला. त्याआधी मेट्रनबाईंनी मला डबल ड्युट्या लावून थकवले होते.’

प्रशासक म्हणाले, ‘हे दुसरं वाक्य कशाला? पहिलं छान होतं.’

‘पहिलं आहे तसंच ठेवलंय, साहेब.’

‘मग दुसरं जरा मऊ करू या. थकवा आला होता, असं.’

‘मग तो कुठून आला तेही लिहावं लागेल.’

‘बरं. मनुष्यबळ अपुरे होते. हे तर खरं आहे ना?’

‘खरं आहे. अपुरं ठेवणारा कोण?’

मेट्रन इतका वेळ माझ्याकडे रोखून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘ही व्याकरणाच्या तासाला बसून आलीय.’ मग कारकुनाकडे वळल्या. ‘हिला डबल ड्युट्या मी लावल्या. लिहा.’

प्रशासकांना हायसं वाटलं. ते म्हणाले, ‘चला, झालं तर मग.’

‘झालं कसं?’ मेट्रन म्हणाल्या. ‘हिची दोन वाक्यं आहेत, मग माझंही दुसरं आहे. मी वारंवार माणसं मागितली. प्रशासकांनी ती दिली नाहीत.’

कारकुनाचं पेन थांबलं. प्रशासक म्हणाले, ‘मिळाली नाहीत, असं लिहा.’

मी म्हणाले, ‘साहेब, माणसं काय आपली आपण मिळतात?’

‘अहो, पण मलाही वरून सांगतात. माझ्या हातात काय आहे?’

‘पेन आहे,’ मेट्रन म्हणाल्या. ‘तुमचं दुसरं वाक्य तुम्ही लिहा. वर कोण बसलंय त्याचं नाव घाला, आणि शेवटी ‘नी’ लावा, हिने माझ्या नावाला लावलाय तसा.’

ते बराच वेळ फाइलीची दोरी गुंडाळत बसले. मग बैठक पुढे ढकलली. बाहेर आल्यावर मेट्रन जिन्यावर टेकल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. पायांत सूज होती. मी म्हणाले, ‘मी तुमचं नाव लिहिलं.’ त्या म्हणाल्या, ‘लिहायलाच हवं होतं. मी लावत होते ना ड्युट्या. मी वर्षभर रागावते कोणावर, तर तुम्हा पोरींवर. सोपं पडतं.’ मी तुझ्या पत्रांबद्दल सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, ‘तुझ्या त्या मास्तरीणबाईंना विचार, थकलेला आणि थकवणारा एकच माणूस असला तर काय करायचं?’

काय सांगू त्यांना?

भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरी,

त्यांना सांग, हे त्यांनी बैठकीत आपोआपच केले: दोन वाक्ये लिहिली. एकात त्या कर्ता आहेत, दुसऱ्यात त्यांना थकवणारा कर्ता आहे. बहुतेक माणसे यांतले आपल्या सोयीचे एकच वाक्य म्हणत आयुष्य काढतात.

‘दिली नाहीत’च्या जागी ‘मिळाली नाहीत’ घालायला निघालेल्या माणसाला मी नापास करणार नाही. त्याला भाषा फार चांगली येते, तेच दुखणे आहे. त्याला सोडू नका.

आणि समुपदेशक बाईंकडे जाणे चालू ठेव. व्याकरणाने माणसाची मान ताठ होते, झोप मात्र येत नाही. माझ्या वर्गातली मुले याला अपवाद होती.

तुझी आत्या

७ एप्रिल

आत्या,

मी पुन्हा अतिदक्षता विभागात आहे. गेल्या आठवड्यापासून.

मी चुकीबद्दल लेखी ताकीद घेतली आणि तिच्यावर सही केली, कारण ती माझी आहे. वैयक्तिक मानसिक वगैरे शेरा मी घेतला नाही. सक्षमतेच्या वर्गालाही बसले नाही. माझ्या वाक्यांखाली विभागातल्या सगळ्या सिस्टरांनी आपापली दोन दोन वाक्यं लिहिली, कोणी कोणाची नक्कल केली नाही. एकीने लिहिलं, मी पेशंटच्या मुलीवर ओरडले. एकीने लिहिलं, मी दुखणं लपवून कामावर आले. आणि प्रत्येकीच्या दुसऱ्या वाक्यात ‘नी’ आहे. म्हणून एकट्या मला काढायचं त्यांनी सोडून दिलं. प्रशासकांचं वाक्य अजून पूर्ण व्हायचं आहे. पहिला मसुदा आला, ‘पदे रिक्त राहिली’, तो आम्ही दुरुस्तीसाठी परत पाठवला. दुसऱ्यात ‘मी’ आहे, पण पुढे क्रियापद सुचत नाही असं कारकून सांगतो.

सगळं ठीक झालं असं समजू नकोस. माझा हात पंपाच्या बटणावर अजून थबकतो. मी आकडा टाकते आणि शेजारच्या सिस्टरला वाचायला लावते, तीही मला लावते. समुपदेशक बाई म्हणतात, याला वेळ लागेल. मी म्हणाले, लागू दे.

काल माझी सुट्टी होती. सकाळी ऑफिसातून कारकुनाचा फोन आला, एक सिस्टर आजारी आहे, ड्युटीवर येता येईल का? माझ्या तोंडात ‘येते’ तयारच असतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, ‘मी येणार नाही.’

तो म्हणाला, ‘म्हणजे जमणार नाही, असं लिहू?’

‘नाही. जमलं असतं. मी येणार नाही, असं लिहा.’

‘अहो, पण पेशंटचं काय?’

आत्या, हा प्रश्न त्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं विचारला आहे आणि दर वेळी आम्ही चप्पल घालून निघालो आहोत. मी म्हणाले, ‘हेच साहेबांना विचारा. आत्ता, मी फोनवर आहे तोवर.’ त्याने साहेबांना विचारलेलं मला ऐकू आलं, तेव्हा मी फोन ठेवला आणि टेबलाशी बसून राहिले. आजोबांचा तो चढत गेलेला आकडा डोळ्यांपुढे आला, आणि तरी मी उठले नाही.

तासाभराने मेट्रनचा फोन आला. म्हणाल्या, ‘साहेबांनी बाहेरून एक सिस्टर मागवली. आली सुद्धा. चांगली आहे कामाला.’

‘तासाभरात?’ मी विचारलं.

मग त्या म्हणाल्या, ‘म्हणजे मागवता येत होती.’

भिंगरी